मॅकमधील युनिक्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अनेक वर्षे विंडोज वापरल्यानंतर मी नुकताच मॅक घेतला आहे. मॅकच्या मुळाशी युनिक्स आहे असे सगळे सांगतात. ते नेमके कोठे असते? माझ्याकडे जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या हजारो फायली आहेत, त्यांच्या कामी ते येईल का? आणि टर्मिनलमध्ये चुकून काही बिघडण्याची भीती किती? (एक वाचक, सांगली)

उत्तर: युनिक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक मूलभूत प्रणाली, ही मॅकला वरून जोडलेली सोय नाही; संपूर्ण प्रणाली तिच्यावरच उभी आहे. ॲपलच्या जुन्या प्रणालीत प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखलेली नसे, त्यामुळे एक प्रोग्रॅम अडकला की अख्खे यंत्र थांबत असे. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले आणि तिच्यासोबत कार्नेगी मेलन विद्यापीठातील माख हा गाभा (प्रणालीचा सर्वांत आतला भाग) व बर्कलीची बीएसडी युनिक्स यांवर बेतलेली प्रणाली हाती आली. तिच्यातूनच २४ मार्च २००१ रोजी मॅक ओएस एक्स बाजारात आली. २००७ च्या लेपर्ड या आवृत्तीला युनिक्सचे अधिकृत प्रमाणपत्रही मिळाले.

हे सारे आपल्याला दिसते ते टर्मिनल या प्रोग्रॅममध्ये, जिथे आज्ञा टाइप करून काम करता येते. ॲप्लिकेशन्सच्या युटिलिटीज फोल्डरमध्ये तो सापडेल. आपल्या संग्रहासाठी त्याचा मोठाच उपयोग आहे, कारण युनिक्समध्ये एका आज्ञेचे उत्तर उभ्या रेघेच्या चिन्हाने, म्हणजे पाइपने, थेट दुसऱ्या आज्ञेला देता येते. फोल्डरची यादी देणारी ‘एलएस’ (ls), त्या यादीतून हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडणारी ‘ग्रेप’ (grep) आणि ओळी मोजणारी ‘डब्ल्यूसी’ (wc -l) या तीन आज्ञा एका ओळीत जोडल्या, तर हजारो फायलींपैकी किती नावांत ‘इतिहास’ हा शब्द आहे ते क्षणात कळते. शब्द देवनागरीतच टाइप करावा.

येथे मराठी वाचकाला एक अडचण येऊ शकते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. ‘साताऱ्याचा’ या शब्दातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सांकेतिक पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येते: एकसंध ऱ म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवर फायलीचे नाव साठवताना ते सुटे केले जाते, त्यामुळे डोळ्यांना तोच शब्द दिसत असूनही ‘ग्रेप’ला तो सापडत नाही. आपला संग्रह अशा जुन्या बाह्य डिस्कवर असेल, तर शोधताना ऱ टाळून ‘साता’ एवढाच भाग द्यावा. नव्या एपीएफएस पद्धतीत नाव जसे दिले तसेच राहते.

बिघडण्याविषयी आपली काळजी रास्त आहे, मात्र ती योग्य जागी असावी. सर्वाधिकारी ‘रूट’ खाते मॅकवर मुळात बंदच असते. गरजेपुरता तो अधिकार ‘सूडो’ (sudo) या आज्ञेने आणि प्रशासक खात्याच्या पासवर्डने मिळतो (पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसेच अपेक्षित आहे). २०१५ पासून प्रणालीच्या मुख्य फायली ‘सूडो’लाही सहजी बदलता येत नाहीत, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून त्या केवळ वाचता येणाऱ्या वेगळ्या विभागात असतात. आपल्या स्वतःच्या फायलींना मात्र असे संरक्षण नाही: ‘आरएम’ (rm) आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती थेट नाहीशी होते. म्हणून संग्रहावर हात चालवण्याआधी टाइम मशीन या मॅकमधील राखीव प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमने त्याची प्रत घ्यावीच, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. लिनक्स या युनिक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेल्या सूचना मॅकवर बहुतांशी चालतात, पण सगळ्या नाहीत, कारण मॅकवरील अवजारे बीएसडी घराण्यातील आहेत. फायलीतच मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ (sed) आज्ञेचा ‘आय’ (-i) हा पर्याय लिनक्सवर नुसता लिहिला तरी पुरतो. मॅकवर त्यापुढे राखीव प्रतीच्या नावाला जोडायचा प्रत्यय द्यावाच लागतो, तो नको असल्यास रिकामे अवतरण ('') लिहावे लागते. शंका आली की ‘मॅन’ (man) लिहून पुढे आज्ञेचे नाव द्यावे; आपल्याच यंत्रातील माहितीपत्रक उघडते आणि क्यू (q) दाबून त्यातून बाहेर पडता येते.