जॉर्जियाने एका झटक्यात सगळे ट्रॅफिक पोलीस काढून टाकले आणि लाचखोरी संपली, हे खरं आहे का? मग आपल्याकडे का जमत नाही?

व्हॉट्सॅपवर फिरते ती गोष्ट बरीचशी खरी आहे, फक्त ती 2005 च्या आसपास संपवतात आणि पुढचं कुणी सांगत नाही.

आधी काय होतं ते बघा. सोव्हिएत युनियन फुटल्यावर यादवी युद्ध, मग 1992 पासून सत्तेवर शेवर्दनाद्झे, म्हणजे गोर्बाचेव्हच्या काळातले सोव्हिएत परराष्ट्रमंत्री. पोलिसाला पगार नावापुरता, तोही वेळेवर नाही, नोकरीच पैसे भरून लागलेली, मग तो रस्त्यावर गाड्या अडवून वसूल करणार आणि त्यातला वाटा वर पोचवणार, दुसरं काय करणार? नोव्हेंबर 2003 मध्ये निवडणुकीत उघड घोटाळा झाला, लोक हातात गुलाब घेऊन संसदेत घुसले, शेवर्दनाद्झेंनी राजीनामा दिला. जानेवारी 2004 मध्ये त्या आंदोलनाचे नेते, 36 वर्षांचे साकाश्विली 96 टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात ट्रॅफिक पोलीस खातंच बरखास्त केलं. आकडा साधारण 16 हजार सांगतात. नवीन गस्त पोलीस भरले, पगार कित्येक पट वाढवला, नव्या गाड्या, नवे गणवेश, आणि लाच घेतात का बघायला साध्या ड्रायव्हरच्या वेशात आपलीच माणसं पाठवायचे. पोलीस स्टेशनं काचेची बांधली, बाहेरून आतलं दिसावं म्हणून. 2005 पासून विद्यापीठ प्रवेशाला देशभर एकच परीक्षा घेतली, कारण त्याआधी सीट सरळ विकली जायची. देशोदेशीचा भ्रष्टाचार मोजणाऱ्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या यादीत (वरचा नंबर म्हणजे भ्रष्टाचार कमी) हा देश 2003 मध्ये 133 पैकी 124 वा होता, 2012 मध्ये 176 पैकी 51 वा. माझी मावसबहीण तिथल्या राजधानीत, तिबिलिसीला एमबीबीएस करते (आपली बरीच मुलं असतात तिथे), ती म्हणते कागदपत्रांसाठी कुणी चहापाण्याचं विचारलं असं एकदाही झालं नाही.

आता जे सांगत नाहीत ते. तिजोरी रिकामी होती, मग एवढे पगार कुठून दिले? जुन्या राजवटीतल्या मंत्र्यांना, धंदेवाल्यांना टीव्ही कॅमेऱ्यांसमोर अटक करायची आणि पैसे भरले की सोडायचं. शेवर्दनाद्झेंच्या जावयाला तर विमानातून उचललं, दीड कोटी डॉलर भरले तेव्हा सुटला. खटला वगैरे काही नाही. हे पैसे बजेटबाहेरच्या फंडात जायचे आणि त्यातून पोलिसांवर खर्च व्हायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही तिथे असतो तर वाजवल्या असत्या बहुतेक. पण त्यात न्यायाधीशाला काही कामच उरलं नाही हे बघा. फेब्रुवारी 2004 मध्येच घटना बदलून राष्ट्राध्यक्षाचे अधिकार वाढवले होते, आणि गृहमंत्री मेराबिश्विली यांच्या हातात पोलीस, गुप्तचर सगळं एकत्र.

परिणाम हळूहळू दिसले. खटल्यात निर्दोष सुटायचं प्रमाण 1 टक्क्याच्याही खाली गेलं, एकदा पकडलं की सरकारी वकिलाशी तडजोड करून पैसे भरा नाहीतर आत जा. जेमतेम 45 लाखांच्या देशात 24 हजारांच्या आसपास कैदी. 2006 मध्ये एका तरुण बँक कर्मचाऱ्याचा खून झाला, त्यात गृहखात्याचेच अधिकारी होते, आणि 2011 मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तपास स्वतंत्र नव्हताच. मग सप्टेंबर 2012 मध्ये ग्लदानी तुरुंगातल्या छळाचे व्हिडिओ टीव्हीवर आले आणि दोन आठवड्यांत साकाश्विलींचा पक्ष निवडणूक हरला. एक मात्र मानलं पाहिजे, त्यांनी हार कबूल केली, मतपेटीतून शांतपणे सत्ता बदलायची त्या देशाची ती पहिलीच वेळ.

आपल्याकडे का नाही, तर एक सरळ कारण म्हणजे घटनेचं कलम 311, काही अपवाद सोडले तर चौकशी केल्याशिवाय सरकारी नोकराला काढता येत नाही. लोक या कलमाला शिव्या घालतात, पण जॉर्जियात त्या हजारोंमध्ये ज्यांनी कधी पैसे खाल्ले नाहीत तेही घरी गेलेच की. आपलं खरं दुखणं वेगळं आहे, 2006 मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलीस तक्रार प्राधिकरण, अधिकाऱ्यांना पदावर ठरावीक मुदत असं सगळं सांगितलं आणि राज्यांनी ते अर्धवट, नाइलाजाने केलं.

आणि जॉर्जियात पुढे काय झालं? नवीन सरकारने 2013 मध्ये माफी देऊन कैद्यांची संख्या निम्म्याहून खाली आणली, मेराबिश्विलींना तुरुंगात टाकलं, 2021 मध्ये परत आलेल्या साकाश्विलींनाही. पोलीस अजूनही चिरीमिरी घेत नाहीत. कोर्टाला मात्र कुणी खरं स्वातंत्र्य दिलंच नाही, कारण सांगितलं तसं ऐकणारं कोर्ट नव्या मालकालाही सोयीचंच. जुन्या सरकारच्या बाजूने निकाल देणाऱ्यांपैकी काही जण नव्या सरकारच्या काळात तहहयात न्यायाधीश झाले, त्यांच्या टोळक्याला तिथे लोक सरळ 'क्लॅन' म्हणतात, आणि 2023 मध्ये अमेरिकेने अशा चौघांना भ्रष्टाचाराचं कारण देऊन व्हिसाबंदी घातली, तेव्हा सरकार त्यांच्याच बाजूने उभं राहिलं.