दूध भरपूर, तरी रक्त कमी

प्रश्न : मुलगा २० महिन्यांचा, वजन १० किलो. दिवसाला लिटरभर गाईचं दूध पितो, जेवायला तोंड उघडत नाही, अंगणातली माती खातो. हिमोग्लोबिन ८.६ आलं. लोहाचं औषध सुरू केलं, पण शी काळी होते म्हणून आठवड्यात थांबवलं. बीट, खजूर, गूळ देऊन भागेल का?
– एक आई, चंद्रपूर

उत्तर : नाही भागणार. एवढी घट नुसत्या खाण्याने भरून निघत नाही, आणि हे मेंदूच्या वाढीचे महिने आहेत. डॉक्टरांशी बोलून औषध लगेच पुन्हा सुरू करा. न शोषलेल्या लोहामुळे शी काळी होते. त्यात धोका नाही.

खरी अडचण दुधाची आहे. लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि या वयाची रोजची गरज ८ मिलिग्रॅम. त्यात दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही, आणि दुधानेच पोट भरलं की वरणभाताला जागा उरत नाही. आठवडाभरात दूध ४०० मिलिलिटरवर आणा. बाटली बंद करून पेल्याने द्या, तेही दोन जेवणांच्या मधे. माती खाणं ही बहुधा लोह कमी असल्याचीच खूण असते. रागावून ती सवय जात नाही, लोह भरलं की सुटते. मातीतून जंत होतात, म्हणून जंताच्या औषधाचंही विचारा.

उपचाराची मात्रा किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला ३०. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. थेंबांचं औषध सिरपपेक्षा बरंच तीव्र असतं. बाटली बदलली की मिलिलिटरही बदलतात. लेबलवर ‘एलिमेंटल आयर्न’चा, म्हणजे औषधातल्या प्रत्यक्ष लोहाचा आकडा पाहा, मात्रा डॉक्टरांकडून पक्की करा आणि घरातल्या चमच्याने मोजू नका. जेवणाआधी तासभर द्या, दुधात मिसळून कधीच नको. अंगणवाडीतून मिळणारं आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटरचं सिरप प्रतिबंधासाठी असतं. उपचार चालू असल्याचं आशाताईंना सांगा, म्हणजे दोन्ही एकदम दिलं जाणार नाही.

बीट लाल असतं, पण त्यात लोह फारसं नाही. त्यापेक्षा अळिवाची खीर, लिंबू पिळलेली मोडाची मटकी, चालत असेल तर कोंबडीची कलेजी द्या.

महिन्याने हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढायला हवं. ११ च्या वर गेल्यावरही साठा भरायला आणखी दोन महिने औषध चालू ठेवा. तुमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तेव्हा ती तपासणी आत्ताच करून घ्या.

बाटली मात्र कुलपात ठेवा. गोड लागते म्हणून मुलं ती तोंडाला लावतात, आणि जास्त लोह पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.