इंदूरला गच्चीवरच्या कुंड्यांत मायकोरायझाची (मुळांशी जोडी जमवणाऱ्या बुरशीची) पावडर टाकली. मिरची तरारली, फ्लॉवर जैसे थे. पावडर बनावट असेल का?

बनावट नसावी, फ्लॉवरच त्या गोतातला नाही! कोबी, मुळा, मोहरी हे अख्खं कूळ या बुरशीशी सोयरीक करत नाही. पालक, बीटही नाही. मिरची, टोमॅटो, तूर, आपल्या माळव्याचं सोयाबीन मात्र करतात.

सोयरीक जुळते ती स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) उपासमारीतून. मूळ मातीत स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतं. ती ओळखून बुरशीचे तंतू जोमाने फुटतात, मुळात शिरतात आणि पेशीत इवल्या झाडासारख्या फांद्या फोडतात. गंमत म्हणजे पेशीचं पटल फाटत नाही, ते प्रत्येक फांदीभोवती लपेटत जातं. देवाणघेवाण तिथेच. या फांद्या जेमतेम काही दिवस टिकतात, मग पेशी त्या जिरवून टाकते. बुरशी स्फुरद आणून देते, झाड साखर आणि स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिडं). स्निग्धाम्लं तिला स्वतःला बनवता येत नाहीत, म्हणून जिवंत मुळाशिवाय तिचा संसार पूर्ण होत नाही.

आपली काळी माती स्फुरद धरून बसते. मुळाच्या आसपासचा संपला की तंतू कित्येक सेंटिमीटर पुढे जाऊन आणतात. पण कुंडीत डीएपी हे स्फुरदाचं खत ओतलंत तर झाडाचं पोट भरतं आणि बोलावणंच धाडत नाही.

पावडर रोप लावताना मुळांना लागेल अशी खड्ड्यात टाका. मी दोन वर्षं वरूनच भुरभुरवत होतो, मुंग्यांनाही उपयोग झाला नसेल.