थिअरी पडली म्हणून गोळी सोडू का?

प्रश्न: डिप्रेशनसाठी सात महिने सर्ट्रालिनची गोळी चालू आहे. झोप लागते, कामात लक्ष लागतं, फरक आहेच. पण परवा वाचलं की मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं केमिकल कमी झाल्यामुळे डिप्रेशन येतं हे सिद्धच झालेलं नाही, मग मला तेच का सांगितलं? चिडून तीन दिवस गोळी घेतली नाही, तर चक्कर यायला लागली, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं, घाबरून परत सुरू केली. मला सवय लागलीये का? बंद करू का?

उत्तर: राग येणं साहजिक आहे. तुम्ही वाचलंत ते बहुतेक 2022 चं, लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांचं काम, जुने अभ्यास एकत्र तपासले आणि डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं याला ठोस पुरावा मिळाला नाही. बरेच सायकियाट्रिस्ट म्हणाले हे आम्हाला आधीच माहीत होतं, पण मग पेशंटला का नाही सांगितलं, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे.

पण एक गोष्ट बघा, इथे औषध आधी आलं आणि थिअरी मागून. 1950 च्या दशकात टीबीवर इप्रोनियाझिड देत होते, तर पेशंट अचानक उत्साही दिसायला लागले, ते का झालं हे शोधता शोधता ब्रेन केमिकलची कल्पना पुढे आली. त्यामुळे थिअरी डळमळली तरी औषधाचा परिणाम वेगळा तपासावा लागतो, आणि तो तपासलाय: 2018 साली 522 ट्रायल्स एकत्र तपासल्या, 1,16,477 लोक, डिप्रेशनची 21 औषधं, सगळी डमी गोळीपेक्षा सरस. मात्र फरक मध्यमच, जादू नाही.

तो करंट म्हणजे व्यसन नव्हे, व्यसनात तलफ असते. तुमच्या मेंदूने गोळी धरून बस्तान बसवलंय, ती एकदम काढली की तो गडबडतो. आणि गंमत म्हणजे 50 मिलिग्रॅमवरून 25 ला येणं त्या मानाने सोपं जातं, खरा खड्डा शेवटच्या थोड्याशा डोसवरून शून्यावर येताना असतो, कारण कमी डोसही बरंच काम करत असतो, म्हणून शेवटी पावलं आणखी बारीक टाकायची.

बंद करू का? आत्ता नको, स्वतःहून तर नाहीच. बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, तुमचे सात महिने सुरुवातीपासूनचे आहेत. ब्रिटनमध्ये बरे वाटत असलेल्या, बराच काळ गोळी घेणाऱ्या लोकांवर ट्रायल झाली (2021), वर्षभरात गोळी थांबवलेल्यांपैकी 56 टक्क्यांना आजार परतला, चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना. म्हणजे सोडूनही बरेच जण ठीक राहिले, पण रिस्क वाढते हे खरं.

डॉक्टरांना ते तीन दिवस जसेच्या तसे सांगा, लपवू नका. करंट, चक्कर दोन-चार दिवसांत सुरू झाली तर ती बहुधा गोळी सुटल्याची असते, आजार परतायला सहसा आठवडे लागतात, हा फरक कळला नाही तर उगाच डोस वाढतो. मध्येच जीव नकोसा वाटला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन.