दुपारी तीन वाजता प्लॉटवर जा

बेटा,

परवा तू आली, चहा पार थंड होईपर्यंत मोबाईलवर फोटो दाखवत बसली आणि निघताना म्हणाली की सर, क्लायंटला हेच काचेचं घर पाहिजे, बॉस म्हणतात देऊन टाक, एसीचं पाहून घेऊ, मग मी काय करू. काकू समोर होत्या म्हणून मी गप्प राहिलो. आता लिहून राहिलो.

पहिले सांग, बेसा रोडच्या त्या प्लॉटवर तू किती वाजता गेली होती? सकाळी दहाला ना? मग तू प्लॉट पाहिलाच नाही. दुपारी तीन वाजता जा, अर्धा तास उभी राहा, मग आपण बोलू.

तो फोटो कशाचा ते क्लायंटला माहीत नव्हतं, ठीक आहे, पण तुला माहीत नसावं? ते फार्न्सवर्थ हाऊस, आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहचं, अमेरिकेत इलिनॉयमध्ये, १९५१ सालचं. देखणं आहे, खोटं कशाला बोलू, माझ्या होस्टेलच्या भिंतीवर त्याचंच चित्र होतं. चारी बाजूंनी काच, आणि हवेसाठी दार अन् एका टोकाला दोन लहान खिडक्या, बस. फार्न्सवर्थ नावाच्या डॉक्टर बाईंनी सुट्टीत राहायला बांधून घेतलं, उन्हाळ्यात आत तापायचं, रात्री दिवा लावला की डास, आणि शेवटी पैशावरून बाई आणि आर्किटेक्ट दोघं कोर्टात. आणि हे जिथे बर्फ पडतो तिथलं. तू ते उचलून नागपुरात आणून राहिली, जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ ला गेला होता!

आपल्याकडे मेच्या शेवटी, नवतप्यात म्हणजे त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळपास लागतच नाही, दोन फुटाचा छज्जा पुरून उरतो, आणि थंडीत तेच ऊन खाली झुकून छज्जाखालून घरात येतं, तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेला छज्जा काही कामाचा नाही, कारण तीननंतर ऊन आडवं येतं, थेट सोफ्यावर. हे पुस्तकात आहे, तू पाठ केलंय, मार्कही घेतले असतील. पण अंगावर घेतलेलं नाही.

मीही घेतलं नव्हतं. १९९४ मध्ये त्रिमूर्ती नगरात एका रिटायर्ड जोडप्याचं घर केलं, माझं दुसरंच काम. प्लॉट पाहायला गेलो डिसेंबरात, सकाळी नऊला, कोवळं ऊन, मस्त वाटलं. हॉलला पश्चिमेकडे दहा फूट काच लावली. आता तेव्हा सगळेच लावत होते, मासिकांत तेच छापून यायचं आणि त्यांनीच म्हटलं होतं की काहीतरी वेगळं करा, म्हणजे माझा एकट्याचा दोष नाही म्हणता येईल. मे महिन्यात बिल मागायला गेलो तर काचेवर आतून पेपर चिकटवलेले, त्यावर जुनी चादर, हॉलमध्ये कोणी नाही. काका-काकू स्वयंपाकघरात ओट्याखाली चटई टाकून, कूलरचं तोंड तिकडे वळवून बसलेले. काका म्हणाले, या, इकडेच बसा, इथे बरं आहे. रागावले असते तर परवडलं असतं. बिल मागितलं नाही, तसाच परत आलो.

तेव्हापासून मी पश्चिमेला काच देत नाही. तीन मोठी कामं गेली, एक तर रामदासपेठेतलं होतं. लोक म्हणतात म्हातारा हट्टी आहे. असू दे.

वेगळं घर करू नको असं मी म्हणून राहिलो नाही, हे नीट वाच. आपले आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादला ट्यूब हाऊस केलं, अरुंद लांबट घर, छत तिरपं, गरम हवा त्या उतारानं वर चढून वरच्या फटीतून बाहेर जाते अन् खालून ताजी आत येते. इराणच्या याझ्दमध्ये घराघरावर बादगीर, वाऱ्याचे उंच मनोरे, वरची हवा पकडून खाली आणतात, कुठे कुठे पाण्यावरून फिरवतात. म्हणजे आपला कूलरच, वीज सोडून! तिथली हवा आपल्या मेसारखी कोरडी म्हणून ते चालतं, जुलैत आपला कूलर कसा चिपचिप करतो ते तुला माहीतच आहे. फोटोत ही घरं विचित्र दिसतात, पण तो आकार तिथल्या उन्हा-वाऱ्यातून निघालाय. तीन वाजताचा आहे तो आकार.

जपानात ओसाकाला आर्किटेक्ट तादाओ आंदोचं १९७६ चं घर आहे, मधोमध उघडं अंगण, पावसात बाथरूमला जायचं तर छत्री घेऊन. मला विचारशील तर मी नसतं केलं. पण ते अंगण राहणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. तुझ्या क्लायंटला काय माहीत आहे? फोटो फक्त.

नोकरी सोडू का वगैरे मला विचारू नको, ते तुझ्या घरचं गणित. बॉसशी भांडूही नको, तसा उपयोग होत नाही. क्लायंटला घेऊन ये. बायकोसकट, कारण दुपारी घरात तीच असणार.

शनिवारी मी येतो, प्लॉटवरच. तीन वाजता, साडेतीन नाही. डोक्याला रुमाल बांध, घरून पाणी पिऊन निघ, आणि हसू नको, खिशात एक कांदा ठेव. क्लायंटसाठी पण एक आण.