मुलाचे ६९, वडिलांच्या हिशेबाने ८८

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. खराडीला कॉल सेंटरमध्ये होता. टीम लीडरशी वाजलं आणि त्याच संध्याकाळी राजीनामा टाकून घरी आला. त्यावरून घरात बोलाचाली झाली, तर दुसऱ्या दिवशी कोर्सच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून सेकंडहँड मोटरसायकल घेऊन दारात उभा. गणपतीच्या आधी ढोलपथकाचा सराव मात्र एक दिवस चुकवत नाही! इंटरनेटवर उतावळेपणा मोजणारी बॅरेट यांची प्रश्नावली मिळाली. त्याने भरली, ६९ आले. मग त्याच्याबद्दल मी भरली, ८८ आले. ७२ पासून पुढे अति उतावळा, असं तिथे म्हटलं होतं. खरं कोणाचं धरायचं?
– एक वडील, धनकवडी

उत्तर : आधी तुमचे ८८ बाजूला ठेवू. ही प्रश्नावली ज्याची त्यानेच भरायची असते आणि ७२ ची रेघही लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवरूनच सुचवलेली आहे. त्यातले काही प्रश्न डोक्यात काय चालतं याबद्दल आहेत. विचार भराभर येतात का, एका गोष्टीवर लक्ष टिकतं का. हे शेजारच्या खोलीतून कसं कळणार? तिथे तुम्ही अंदाज केलात, आणि राजीनामा नि गाडी अजून ताजी असताना केलात.

पण म्हणून ६९ वर शिक्कामोर्तब करू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट बॅरेट यांनी ही प्रश्नावली १९५९ मध्ये मांडली. आज वापरतात ती १९९५ ची अकरावी आवृत्ती. ३० वाक्यं, प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे बेरीज ३० ते १२० च्या मध्ये. यातली ११ वाक्यं उलटी आहेत, ‘मी कामं नीट आखून करतो’ अशा धर्तीची. त्यांचे गुण फिरवून धरायचे असतात, म्हणजे १ चे ४, २ चे ३. आता बघा, एखाद्याने काही न वाचता सगळीकडे २ गुणांच्या ‘कधीकधी’वर खूण केली, तर १९ वाक्यांचे ३८ आणि उलट्या ११ चे ३३, बेरीज ७१. रेघेच्या अगदी अलीकडे! खरोखर उतावळा माणूस फॉर्मही तसाच भरभर भरण्याची शक्यता असते, म्हणून मी नुसती बेरीज कधीच बघत नाही.

फॉर्म भरून झाला की मी एकेका उत्तराला विचारते, “शेवटचं कधी झालं होतं?” एका तरुणाने ऐपतीबाहेर खर्च करण्याच्या वाक्यापुढे ‘क्वचित’ लिहिलं होतं. त्याच्यावर तीन हप्ते चालू होते. तो म्हणाला, “मॅडम, हप्ता बसतो का बघूनच घेतलं की.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी तो विचारच होता. माणूस स्वतःला जसा ओळखतो तेवढंच कागदावर उतरतं, आणि ते कळणंही मला मोलाचं वाटतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ढोलपथक. २००१ मध्ये व्हाइटसाइड आणि लायनम या संशोधकांनी दाखवलं, की उतावळेपणा म्हणून आपण एकाच पोत्यात भरतो त्या खरं तर वेगवेगळ्या गोष्टी आहेत : भावना उसळली की ताबा सुटणं, करण्याआधी विचार न करणं, हातातलं काम तडीस न नेणं आणि थराराची ओढ. त्यांच्या यूपीपीएस प्रश्नावलीत हे चारही वेगळे मोजतात. पुढे आनंदाच्या भरात वाहवत जाणं हा पाचवा भाग जोडला गेला. कमरेला ढोल बांधून रोज सरावाला उभा राहणारा मुलगा धरसोड करणारा आहे, हे मला पटत नाही. राजीनामा भांडणानंतर, गाडीही भांडणानंतर. दोन्ही वेळा आधी राग होता. माझा अंदाज पहिल्या प्रकाराकडे जातो, आणि तिथे ‘नीट प्लॅनिंग कर’ हा उपदेश फारसा कामी येत नाही. राग चढलेला असताना पैशाचा किंवा नोकरीचा निर्णय रात्रभर थांबवायचा, एवढी एकच सवय लावायला महिनोन्‌महिने जातात, पण ती लागते. हे तुम्ही त्याच्याशी शांत दिवशी बोला, भांडणाच्या दिवशी नको.

एक गोष्ट निक्षून सांगते. या प्रश्नावल्यांवरून कुठल्याही आजाराचं निदान होत नाही. पण रागात गाडी भरधाव हाकणं, लपवलेलं कर्ज, नशा किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काहीही असेल तर गुणांची वाट बघू नका. ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

तसं काही नसेल, तर त्याची तयारी असेल तेव्हा एखाद्या मानसशास्त्रज्ञाकडे त्याला एकट्याला जाऊ द्या. भरलेला कागद त्याने सोबत न्यावा, तीसच्या तीस उत्तरं दिसतील असा. तुमचा ८८ वाला मात्र घरीच राहू दे.