आधी नोकरी, मग एम.टेक.? बाँडची तारीख बघितलीत का?

‘मॅडम, गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो ना? मग आधी नोकरी करते, एम.टेक.चं नंतर बघू.’ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची ही मुलगी एप्रिल 2025 मध्ये आईवडिलांसोबत माझ्याकडे सल्ल्यासाठी आली, तेव्हा निर्णय जवळपास झालेलाच होता. कॅम्पसमधून आयटी कंपनीचं ऑफर लेटर मिळालेलं. धाकटा भाऊ बारावीचा, म्हणजे घरात आणखी एक फी येणार. आईचं म्हणणं, हातचं सोडू नये.

गेट म्हणजे एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा. तिच्या स्कोअरचं तीन वर्षांचं खरं आहे, पण ती मोजायची निकालापासून. मार्च 2025 चा निकाल म्हणजे 2025, 2026 आणि 2027 चे प्रवेश. ऑफर लेटर मी तिलाच मोठ्याने वाचायला लावलं. आत दोन वर्षांचा बाँड निघाला, म्हणजे त्याआधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरायचे. जुलैत रुजू झाली तरी सुटका जुलै 2027 ला, आणि एम.टेक.चे वर्ग त्याच सुमारास सुरू होतात. फ्रेशर्सचं जॉइनिंग पुढे ढकललं जाणं तर आता नेहमीचंच. तसं झालं तर बाँड 2027 च्या प्रवेशानंतर संपणार; मग बाँडचे पैसे भरा, नाहीतर नोकरी सांभाळून पुन्हा गेट द्या.

मग विचारलं, एम.टेक. हवंय कशाला? ‘पॅकेजसाठी’ म्हणाली असती तर मी नोकरीच घे म्हटलं असतं. पण ती प्रोजेक्टबद्दल बोलत सुटली. डेटाबेसमध्ये इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून केलेली सूची) असूनही एक क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, हळू का चालते, हे शोधण्यात तिने कित्येक रात्री घालवल्या होत्या. मार्कांना त्याचा उपयोग शून्य! ही खाज असलेल्या मुलीला दोन वर्षं सपोर्टच्या तिकिटांवर, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायला, बसवलं तर काय होतं, ते मी पाहिलंय.

वडिलांचा प्रश्न सरळ होता: खर्चाचं काय? गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाला की महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास लॅब आणि पेपर तपासणी. मेसचं भागतं, घरी पाठवायला उरत नाही. हे मी गोड करून सांगितलं नाही. थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, ‘मग धाकट्यासाठी शैक्षणिक कर्जाचं बघतो.’

तिने एचआरला जॉइनिंगची तारीख विचारली. ‘नंतर कळवू’, इतकंच उत्तर आलं. पुढे प्रवेशफेरीत एका एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) जागा मिळाली, ती तिने घेतली. भावाचं कर्ज मात्र तेव्हा मंजूर व्हायचं होतं.